आयफेलचा शर्यतमार्ग

जर्मनीच्या पश्चिम भागात, ऱ्हाइन नदीच्या पलीकडे आणि मोझेल नदीच्या उत्तरेस, आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. प्राचीन काळी येथे ज्वालामुखी धगधगत होते. आज त्यांच्या जागी गर्द वनराईने झाकलेले डोंगर, खोल दऱ्या आणि वर्तुळाकार तळी दिसतात. प्रदेश मोठा रमणीय. पण रमणीय प्रदेश सुपीक असतोच असे नाही. येथील जमीन हलकी, हिवाळा कडक आणि शेतीचे उत्पन्न बेताचे. शतकानुशतके आयफेलचा शेतकरी दारिद्र्याशी झुंजत आला होता. या मुलखातील एका काळ्या कातळाच्या टेकडीवर न्यूर्बुर्ग नावाच्या मध्ययुगीन किल्ल्याचे भग्न अवशेष उभे आहेत. त्या किल्ल्याला व पायथ्याच्या चिमुकल्या गावाला वेढा घालून मोटारींच्या शर्यतीसाठी एक रस्ता बांधण्यात आला. जर्मन भाषेत ‘रिंग’ म्हणजे कडे; म्हणून या रस्त्याचे नाव न्यूर्बुर्गरिंग. जगातील शर्यतमार्गांत याच्याइतका दीर्घ, अवघड आणि कीर्तिमान मार्ग क्वचितच सापडेल.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची स्थिती फार हलाखीची झाली होती. १९२३ साली तेथील चलनाची किंमत इतकी घसरली की, आठवड्याच्या मजुरीत भाकरी मिळेल की नाही याची शाश्वती उरली नाही. आयफेलसारख्या मूळच्याच गरीब भागात तर तरुणांना हाताला काम मिळेना. आडेनाऊ हे त्या भागातील जिल्ह्याचे ठिकाण. तेथील प्रमुख प्रशासक डॉ. ओटो क्रॉइट्स यांना एक कल्पना सुचली. आयफेलच्या साध्या रस्त्यांवरून १९२२ पासून मोटारींच्या शर्यती होत असत. गावांतून, घरांना अगदी चाटून धावणाऱ्या त्या मोटारी लोकांच्या जिवाला घोर लावीत. शिवाय जर्मन कारखानदारांना आपल्या नव्या मोटारी कसास लावण्यासाठी एखादा बिकट मार्ग हवाच होता. मग शर्यतींसाठी स्वतंत्र रस्ताच का बांधू नये? त्याने बेकारांना काम मिळेल, कारखानदारांची सोय होईल आणि शर्यत पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळे गावांनाही चार पैसे मिळतील. सरकारने ही योजना बेकारी निवारणाच्या निधीतून उचलून धरली. आपल्याकडील दुष्काळी कामांच्या जातीचेच हे काम होते, असे म्हटले तरी चालेल.

१९२५ च्या सप्टेंबर महिन्यात कोनशिला बसली आणि काम सुरू झाले. दोन हजारांहून अधिक माणसे तेथे राबू लागली. कुदळ, फावडे आणि ढकलगाड्या हीच त्यांची मुख्य हत्यारे. त्यांनी जंगल तोडले, कातळ फोडले आणि ओढ्यांवर पूल बांधले. रस्ता आखताना डोंगर सपाट करण्याचा हट्ट कोणी धरला नाही. डोंगर चढला की रस्ताही चढे, दरीत डोंगर उतरला की रस्ताही उतरे. त्यामुळे या मार्गाच्या सर्वांत उंच व सर्वांत सखल बिंदूंमध्ये सुमारे ३०० मीटरांचा फरक पडला. १९२७ च्या जूनमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या आतच, हे काम पुरे झाले. संपूर्ण मार्ग २८ किलोमीटरांहून अधिक लांबीचा होता. त्याचे दोन भाग होते. उत्तरेकडील फेरा सुमारे २२.८ किलोमीटरांचा आणि दक्षिणेकडील फेरा सुमारे पावणेआठ किलोमीटरांचा. १८ जून रोजी प्रथम मोटारसायकलींची शर्यत झाली. दुसऱ्या दिवशी मोटारी धावल्या आणि मर्सिडीझ गाडी चालविणारा रुडोल्फ काराचिओला हा तरुण पहिला आला.

शर्यतीचा मार्ग म्हटला की एखादे सपाट मैदान व त्याभोवतीची लांबट वाट डोळ्यांपुढे येते. अशा मार्गावर दहापंधरा वळणे असतात. चालकाची गाडी दर दीडदोन मिनिटांनी त्याच ठिकाणी परत येते आणि दिवसभरात प्रत्येक वळण त्याच्या अंगवळणी पडते. न्यूर्बुर्गरिंगच्या उत्तर फेऱ्यावर मात्र दीडशेहून अधिक वळणे आहेत. झाडीमुळे पुढचे वळण दिसत नाही. टेकाड चढून जाताना पलीकडे रस्ता डावीकडे वळतो की उजवीकडे, हे चालकाला आधीच ठाऊक असावे लागते. दिसल्यावर ठरवू म्हणेल तर वेळ निघून गेलेली असते. म्हणून या मार्गावर हातापायांच्या चपळाईइतकीच स्मरणशक्तीची परीक्षा होते. एका फेरीला पूर्वी दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागे. तेवढ्या अंतरात हवामानही एकसारखे राहत नसे. आरंभस्थानाजवळ लख्ख ऊन असावे आणि दहा किलोमीटरांवर दरीत धुके दाटून पाऊस कोसळत असावा, हा तर नेहमीचा अनुभव. कोरड्या रस्त्याचे टायर लावावेत तर पावसात चाके घसरतात. पावसाचे लावावेत तर उन्हात ते झिजून जातात.

येथील वळणांची नावेही त्या मातीतलीच आहेत. एका तीव्र उतारास ‘कोल्ह्याचे बीळ’ म्हणतात, एका वळणास ‘खाण’, तर एका टेकाडास ‘विमानतळ’. या ‘विमानतळा’वर वेगात आलेल्या मोटारीची चारही चाके क्षणभर जमीन सोडीत, त्यामुळे ते नाव जणू मुद्दाम शोधून ठेवल्यासारखे वाटते! ‘कारुसेल’ हे वळण तर सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या आतल्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी एक उतरता चर खणलेला होता. काराचिओलाने आपल्या गाडीची आतली चाके त्या चरात घातली. चराच्या भिंतीने गाडी बाहेर फेकली जाण्यापासून रोखली आणि तो इतरांहून अधिक वेगाने वळून गेला, असे सांगतात. पुढे सर्वच चालक त्याचे अनुकरण करू लागले आणि अखेर त्या चरात काँक्रीट घालून तोच रस्ता करण्यात आला. गटाराचा राजमार्ग झाल्याचे असे उदाहरण विरळाच.

या मार्गावर गाजलेल्या शर्यती अनेक झाल्या. त्यांपैकी दोन आजही आवर्जून सांगितल्या जातात. पहिली २८ जुलै १९३५ ची. त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती आणि जर्मन गाड्यांचा विजय हा राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला होता. मर्सिडीझच्या पाच आणि ऑटो युनियनच्या चार अशा नऊ बलाढ्य गाड्या आरंभरेषेवर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ताझिओ नुव्होलारी हा बेचाळीस वर्षांचा, लहान चणीचा इटालियन चालक आपली जुनी अल्फा रोमिओ घेऊन उतरला. तिच्या यंत्राची शक्ती जर्मन गाड्यांच्या मानाने बरीच कमी होती. पण रस्ता ओला होता, वळणे असंख्य होती आणि तेथे निव्वळ शक्तीपेक्षा हाताचे कसब अधिक मोलाचे होते. नुव्होलारी पुढे सरकत गेला. शर्यतीच्या मध्यास तो पेट्रोल भरण्यासाठी थांबला तोच पेट्रोलचा पंप मोडला. सहायकांनी डबे उचलून हातांनी पेट्रोल ओतले. त्यात दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला आणि तो सहाव्या क्रमांकावर फेकला गेला. तरीही त्याने धीर सोडला नाही. एकेक गाडी मागे टाकीत अखेरची फेरी सुरू झाली, तेव्हा त्याच्यापुढे फक्त मर्सिडीझचा फॉन ब्राउखिच उरला होता आणि दोघांत जवळजवळ अर्ध्या मिनिटाचे अंतर होते. पाठलागाच्या धसक्याने ब्राउखिच गाडी नेटाने पळवीत राहिला, टायर झिजत गेले आणि अखेर शेवटच्या फेरीतच एक टायर फुटला. नुव्होलारी त्याला ओलांडून गेला आणि जमलेल्या अफाट जर्मन समुदायादेखत पहिला आला.

दुसरी शर्यत ४ ऑगस्ट १९५७ ची. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फान्जिओ त्या वेळी सेहेचाळीस वर्षांचा होता. हा मार्ग त्याच्या दृष्टीने केवळ पराक्रमाची भूमी नव्हती. तीन वर्षांपूर्वी, १९५४ साली, त्याचा तरुण देशबांधव ओनोफ्रे मारिमोन येथेच सरावाच्या वेळी मृत्यू पावला होता. फान्जिओने त्याला धाकट्या भावाप्रमाणे वागविले होते. १९५७ मध्ये फान्जिओने असा बेत केला की, निम्मेच पेट्रोल भरून हलक्या गाडीने आघाडी घ्यायची आणि मध्ये एकदा थांबून पेट्रोल व टायर घ्यायचे. बेत चांगला होता. पण थांब्यावर माणसांची तारांबळ उडाली. फान्जिओची मासेराती पुन्हा रस्त्यावर आली तोवर फेरारी गाड्यांतील माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे दोघे इंग्रज तरुण पाऊण मिनिटाहून अधिक पुढे निघून गेले होते. उरलेल्या फेऱ्यांत फान्जिओने जे केले, त्याची आठवण जाणकार आजही काढतात. फेरीमागून फेरी त्याने या मार्गावरील विक्रम मोडला. आदल्या वर्षीचा त्याचाच विक्रम ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा होता. तो त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंदांवर आणला. शेवटून दुसऱ्या फेरीत त्याने दोघांनाही गाठले व मागे टाकले आणि ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. त्या विजयाने पाचव्यांदा जगज्जेतेपद त्याच्याकडे आले. त्या दिवशी चालविली तशी गाडी आपण पूर्वी कधी चालविली नव्हती आणि पुन्हा तशी चालविण्याची इच्छाही नाही, असे तो पुढे सांगत असे. जगज्जेतेपदाच्या शर्यतींतील तो त्याचा अखेरचा विजय ठरला.

फान्जिओच्या त्या उद्गारात जी भीती दडलेली आहे, तिचाही विचार केला पाहिजे. गाड्यांचा वेग वर्षागणिक वाढत होता, पण रस्ता १९२७ चाच होता. त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे, बांध आणि कुंपणाची झुडपे. गाडी रस्ता सोडून गेली की तिला अडविण्यास दुसरे काही नाही. १९६१ साली अमेरिकेच्या फिल हिलने सरावात प्रथमच नऊ मिनिटांच्या आत फेरी पूर्ण केली. पुढे चौदा वर्षांत हाच वेळ सात मिनिटांच्याही खाली आला. १९६८ ची शर्यत दाट धुक्यात आणि मुसळधार पावसात झाली. स्कॉटलंडचा जॅकी स्ट्यूअर्ट दुखावलेल्या मनगटानिशी धावला आणि चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकला. इतक्या मोठ्या विजयानंतर कोणीही या मार्गाचे गोडवे गायिले असते. स्ट्यूअर्टने त्याला ‘हिरवा नरक’ असे नाव दिले आणि तेच सर्वतोमुखी झाले. या शर्यतीसाठी घरून निघताना तो मागे वळून घराकडे पाहत असे, कारण परत येऊ की नाही याची त्याला खात्री नसे. चालकांच्या सुरक्षिततेसाठी त्याने पुढे सतत आवाज उठविला. पुष्कळांनी त्याची भित्रा म्हणून हेटाळणी केली. वस्तुतः धुक्यात चार मिनिटांनी जिंकणाऱ्यास भित्रा म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती वळणे केवळ कुंपणाबाहेरून पाहिली होती. १९७० मध्ये चालकांनी एकजुटीने येथे धावण्यास नकार दिला, तेव्हा शर्यत दुसरीकडे हलवावी लागली. मग मात्र रस्त्याची डागडुजी झाली, उंचवटे कमी करण्यात आले आणि कडेला लोखंडी कठडे बसले.

तरीही मुख्य अडचण राहिलीच. साडेबावीस किलोमीटरांहून अधिक लांबीच्या मार्गावर प्रत्येक वळणाशी अग्निशामक माणसे आणि डॉक्टर उभे करणे जवळजवळ अशक्य होते. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा हा १९७५ चा जगज्जेता. सात मिनिटांच्या आत फेरी पूर्ण करणारा पहिला चालक तोच. म्हणजे या मार्गावर त्याच्याहून वेगवान कोणी नव्हते. १९७६ च्या शर्यतीपूर्वी त्यानेच चालकांपुढे प्रस्ताव मांडला की, येथील बचावाची व्यवस्था अपुरी असल्याने शर्यतीवर बहिष्कार घालावा. मतदान झाले आणि अवघ्या एका मताने प्रस्ताव फेटाळला गेला, असे सांगतात. बहुमताचा निर्णय मानून लाउडा इतरांबरोबर आरंभरेषेवर उभा राहिला.

तो दिवस १ ऑगस्ट १९७६. रस्ता काही ठिकाणी ओला तर काही ठिकाणी कोरडा होता. दुसऱ्याच फेरीत ‘खाण’ नावाच्या वळणापूर्वी लाउडाची फेरारी एकाएकी रस्ता सोडून बांधावर आदळली, पेटली आणि जळतच रस्त्यावर परत फेकली गेली. मागून येणारी गाडी तिच्यावर धडकली. लाउडा आत अडकला होता. अग्निशामक दल तेथे पोहोचण्यापूर्वी त्याला बाहेर काढले ते त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांनी. आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्ट्ल हे चौघे आपापल्या गाड्यांतून उतरून धावले. मेर्झारिओने ज्वाळांत हात घालून पट्टे सोडविले. लाउडाचा चेहरा भाजला होता आणि विषारी धुराने फुप्फुसे निकामी होत आली होती. रुग्णालयात धर्मगुरूने त्याच्यासाठी अंतकाळची प्रार्थनाही म्हटली.

पण लाउडा मरण पावला नाही. सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, इटलीतील मोंझा येथे डोक्याला पट्ट्या बांधून तो पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. जगज्जेतेपद अजून त्याच्या हातात होते. शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी झाली. त्या दिवशी इतका पाऊस कोसळत होता की पुढची गाडी दिसत नव्हती. दोन फेऱ्यांनंतर लाउडा स्वतःहून थांबला. यंत्रात बिघाड झाल्याचे जाहीर करू, असे त्याच्या सहकाऱ्यांनी सुचविले. त्याने ते नाकारले आणि अशा पावसात धावणे वेडेपणाचे आहे, म्हणून आपण थांबलो, असे उघड सांगितले. इंग्लंडच्या जेम्स हंटला त्या वर्षी जगज्जेतेपद मिळाले. फरक केवळ एका गुणाचा होता. लाउडाचे मोंझाचे पुनरागमन जगाने वाखाणले. पण फुजीचा निर्णय आणि न्यूर्बुर्गच्या बैठकीत त्याने एकाकीपणे मांडलेले मत, यांची बरोबरी त्या पुनरागमनालाही येणार नाही. पुढच्याच वर्षी आणि १९८४ मध्येही तो पुन्हा जगज्जेता झाला.

उत्तर फेऱ्यावर जगज्जेतेपदाची शर्यत पुढे कधी झाली नाही. तसा विचार अपघाताच्या आधीपासूनच चालला होता, कारण इतक्या लांब मार्गाचे दूरचित्रण करणेही कठीण जात होते. अपघाताने त्यावर शिक्कामोर्तब केले. जुन्या आरंभस्थानाजवळ सुमारे साडेचार किलोमीटरांचा एक नवा, प्रशस्त आणि सुरक्षित मार्ग बांधण्यात आला. दक्षिण फेऱ्याचा बराचसा भाग त्यासाठी मोडला गेला. १९८४ च्या मे महिन्यात नव्या मार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हा नामांकित चालकांना एकाच प्रकारच्या साध्या मोटारी देऊन शर्यत लावली होती. तीत ब्राझीलचा चोवीस वर्षांचा आयर्टन सेना पहिला आला. त्याच्या मागोमाग दुसरा आला तो निकी लाउडा.

नव्या मार्गाने सर्वांच्या अपेक्षा पुऱ्या केल्या असे नाही. सुरक्षितता आली, पण जुन्या रस्त्याची जरब त्यात नव्हती. व्यवहाराच्या बाजूनेही चढउतार आले. करमणुकीची उद्याने व मोठाल्या इमारती उभारण्याच्या नादात कर्जाचा बोजा वाढला, २०१२ मध्ये चालक कंपनीचे दिवाळे वाजले आणि नंतर हा सारा पसारा विकावा लागला. जुना उत्तर फेरा मात्र या सर्वांतून टिकून राहिला. मोटारींचे कारखानदार आपल्या नव्या गाड्यांची येथे कसोटी घेतात, कारण ज्या गाडीचे ब्रेक व सांधे येथे टिकले त्या कोणत्याही रस्त्यावर टिकतील असा त्यांचा विश्वास आहे. १९७० पासून येथे चोवीस तासांची शर्यत होत आली आहे. २०१८ मध्ये टिमो बेर्नहार्ड या जर्मन चालकाने खास बनविलेल्या पोर्श गाडीतून या फेऱ्याचे अंतर ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांत तोडले. शर्यत वा चाचणी नसेल त्या दिवशी नाक्यावर पैसे भरून कोणीही आपली मोटार या रस्त्यावर नेऊ शकतो. तेव्हा तो एकेरी वाहतुकीचा सार्वजनिक रस्ता मानला जातो आणि पुढच्या गाडीस उजवीकडून ओलांडण्यास मनाई असते. ज्या वळणांवर नुव्होलारी आणि फान्जिओ झुंजले, तेथून एखादा शिक्षक किंवा सुतार आपली घरची मोटार चालवीत जाताना दिसतो.

क्रॉइट्स यांना रस्ता हवा होता तो आयफेलच्या माणसांसाठी. त्या माणसांपैकीच एक साबिने श्मिट्स. १९६९ साली आडेनाऊ येथे तिचा जन्म झाला आणि न्यूर्बुर्ग गावात, शर्यतमार्गाच्या वेढ्यातच, ती लहानाची मोठी झाली. तिच्या घरचे उपाहारगृह होते आणि देशोदेशींचे चालक तेथे उतरत. इतरांना ज्या वळणांचा धसका बसे, ती तिच्या अंगणाच्या वाटेसारखी होती. १९९६ मध्ये तिने आपल्या सहकाऱ्यांसह चोवीस तासांची शर्यत जिंकली. ती जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी तिने तो पराक्रम पुन्हा केला. अनेक वर्षे ती हौशी प्रवाशांना शेजारी बसवून या मार्गाची फेरी घडवीत असे आणि वाटेत त्यांच्याशी हसतखेळत गप्पा मारी. प्रवासी मात्र बहुधा दोन्ही हातांनी आसन घट्ट धरून बसलेला असे. २०२१ च्या मार्च महिन्यात दीर्घ आजाराने तिचे निधन झाले. त्याच वर्षी उत्तर फेऱ्याच्या आरंभी लागणाऱ्या पहिल्या वळणाला तिचे नाव देण्यात आले.